एक-शून्यने जिंकलो, पण खेळलं कोण चांगलं?

चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होते, संपेपर्यंत अडीच-साडेतीन वाजतात, आणि तरी सकाळी सोलापूरच्या पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर लाल डोळ्यांनी चार पोरं भांडत उभी असतातच. त्यांची टीम एक-शून्यने जिंकलेली असते, तरी भांडण. "का बे, तुझ्या त्या नऊ नंबरच्या स्ट्रायकरनं काय केलं सांग की, नव्वद मिनिटात टार्गेटवर एक शॉट नाही." "अन् तू कीपरचं कौतुक करालास, गोल वाचवणं त्याचं कामच हाय की." तिसरा मोबाईल पुढं करतो, ॲपवरचं साडेसहा रेटिंग दाखवतो आणि म्हणतो, बघा मालक, विषय संपला. विषय कुठला संपतोय.

तीन-शून्यने जिंकल्यावर असं होत नाही, तेव्हा सगळेच चांगले वाटतात. एका गोलाच्या विजयात मात्र एखादा बॉल वीतभर इकडं-तिकडं गेला असता तर मॅच बरोबरीत सुटली असती, आणि मग ज्याला आपण आज डोक्यावर घेतोय त्यालाच शिव्या घातल्या असत्या, खेळ तोच, माणूस तोच. माझं म्हणणं एवढंच आहे की निकाल बघून खेळाडूचं माप काढू नका, त्याला काम काय दिलं होतं आणि ते त्यानं कसं केलं ते बघा. आता हे बघायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण फुटबॉलवर जीव असलेली पोरं आपल्या शहरात भरपूर आहेत, बोलताना मात्र सगळं गोल आणि असिस्टवर (गोलआधीच्या शेवटच्या पासवर) येऊन अडकतं.

आपण सगळे क्रिकेट बघत मोठे झालो हे त्याचं एक कारण आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक बॉल सुटा असतो, कुणी टाकला, कुणी मारला, किती रन झाले, सगळं एकेकाच्या नावावर लिहिलं जातं, त्यामुळं नुसतं स्कोअरकार्ड वाचूनसुद्धा मॅच बऱ्यापैकी कळते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांपैकी बॉल प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं, बाकीचा वेळ थ्रो, फ्रीकिक, दुखापत, बदली यातच जातो. मैदानात २२ जण. भागाकार करून बघा, एकेकाच्या वाट्याला बॉल येतो अडीच-तीन मिनिटं. उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तो जे करतो, कुठं उभा राहतो, कुणाला अडवतो, कुणासाठी जागा मोकळी करतो, ते बहुतेक वेळा टीव्हीवर दिसतच नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागं पळतो. आणि गोल तर त्याहून दुर्मिळ, मोठ्या लीगमध्ये दोन्ही टीमचे मिळून मॅचला पावणेतीन-तीन, म्हणजे ढोबळमानानं दहा शॉटमागे एक. इतक्या कमी गोष्टींवर निकाल ठरत असेल तर त्यात नशीब शिरणारच.

हे नशीब जरा बाजूला काढून बघता यावं म्हणून एक आकडा निघाला, एक्सजी, म्हणजे एक्स्पेक्टेड गोल्स. गेल्या दहा-बारा वर्षांत हा सगळीकडं पसरला. नाव ऐकून पोरं दचकतात पण आत काही अवघड नाही. आधी खेळल्या गेलेल्या मॅचमधले हजारो शॉट गोळा करायचे, आणि बघायचं की याच जागेवरून, याच कोनातून, पायानं किंवा डोक्यानं, अशाच प्रकारच्या पासवर मारलेले शॉट शंभरात किती वेळा गोल झाले. पेनल्टी साधारण ७५ ते ८० वेळा आत जाते, म्हणून पेनल्टीचा एक्सजी ०.७५ ते ०.८ च्या मध्ये धरतात. बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनाच्या, बाहेरून लांबून मारलेला शॉट शंभरात तीन-चार वेळा आत जातो, म्हणून त्याचा ०.०३ किंवा ०.०४. तोच लांबचा शॉट आत गेला की आपण वेडे होतो आणि दुसऱ्या दिवशी "असे अजून का मारत नाही" म्हणतो, पण शंभरातले बाकीचे सत्त्याण्णव कुणी मोजत नाही.

आता गंमत बेरजेत आहे. समजा तुमच्या टीमनं दहा शॉट मारले आणि प्रत्येकाचा एक्सजी ०.१. बेरीज झाली १, म्हणजे "एक गोल व्हायला हवा होता" असं लोक म्हणतात. पण दहाही शॉट वाया जाण्याची शक्यता किती? ०.९ ला दहा वेळा गुणा, ०.३५ येतं. म्हणजे शंभरात पस्तीस वेळा एवढं सगळं करूनसुद्धा पाटी कोरीच राहते, कुणी काही वाईट न खेळता. म्हणून एका मॅचचा एक्सजी बघून "हे चोरून जिंकले" असं छातीठोक सांगायला जाऊ नये. तो आकडा वीस-तीस मॅचच्या बेरजेत खरं बोलतो, एका रात्रीत तो फक्त इशारा देतो. शिवाय नेहमीच्या एक्सजीला शॉट मारणारा कोण आहे हे माहीत नसतं, मेस्सी असो की आपल्या गल्लीतला बंड्या, जागा तीच तर आकडा तोच. आणि जो शॉट मारलाच गेला नाही त्याचा आकडा शून्य. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल, आला, स्ट्रायकर अर्ध्या पावलानं चुकला, बॉल समोरून निघून गेला, छाती धडधडली ना आपली? कागदावर काहीच झालेलं नाही.

याच्यावरून स्ट्रायकरकडं येतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो, दोन्ही बाजूंनी. २०१४ ची वर्ल्ड कप फायनल आठवा, जर्मनी आणि अर्जेंटिना. २१ व्या मिनिटाला जर्मनीच्या क्रूसनं डोक्यानं मागं दिलेला बॉल थेट अर्जेंटिनाच्या इग्वाइनला मिळाला, समोर एकटा कीपर नॉयर, आणि त्यानं बाहेर मारला. ११३ व्या मिनिटाला गोट्झेनं गोल केला, जर्मनी एक-शून्य. इग्वाइनची ती चूक त्याच्या नावावर राहणारच, तिचं समर्थन मी करत नाही, इतकी सोपी संधी फायनलमध्ये परत मिळत नाही. पण त्या एका शॉटवरून "अख्खी मॅच वाईट खेळला" म्हणणं वेगळं आणि "तो शॉट वाईट मारला" म्हणणं वेगळं. संधीपर्यंत पोचणं हे एक काम, ती पूर्ण करणं हे दुसरं, दोन्हीचे मार्क वेगळे द्या. जो स्ट्रायकर दर मॅचला दोन चांगल्या संधींपर्यंत पोचतो आणि आज चुकतो, त्याच्याबद्दल मला काळजी वाटत नाही. जो संधीपर्यंत पोचतच नाही आणि आज डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आलेल्या बॉलवर गोल करतो, त्याच्याबद्दल वाटते.

आणि मग जिरू. २०१८ चा वर्ल्ड कप फ्रान्सनं जिंकला, त्यांचा नऊ नंबर ऑलिव्हिए जिरू, आणि अख्ख्या स्पर्धेत त्याचा एक गोल नाही, टार्गेटवर एक शॉटसुद्धा नाही. सेमीफायनलला बेल्जियमविरुद्ध फ्रान्स एक-शून्यच जिंकली, कॉर्नरवर उम्तितीचा हेडर. आता आपल्या गाड्यावरच्या हिशोबानं जिरूला शून्य मार्क. पण पहिल्या मॅचला ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्रशिक्षक देशाँनी त्याला सुरुवातीला बसवलं होतं, तेव्हा फ्रान्सचा हल्ला अडखळत होता, आणि त्यानंतर प्रत्येक मॅचला जिरू पहिल्या अकरात होता. कारण तो समोरच्यांच्या सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, अंगाला चिकटवून ठेवायचा, लांबून आलेला बॉल छातीवर घेऊन ग्रिझमानला द्यायचा, आणि त्याच्यामुळं एम्बापेला पळायला मोकळं रान मिळायचं. यातलं कुठलंच काम गोलच्या खात्यात येत नाही. म्हणून नऊ नंबरनं काय केलं हे विचारायच्या आधी त्याला काय करायला सांगितलं होतं ते विचारा.

असिस्टचंही तसंच. १६ नोव्हेंबर २०२३ ला आपण कुवेतमध्ये जाऊन कुवेतला एक-शून्य हरवलं, वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत, ७५ व्या मिनिटाला मनवीरचा गोल. डावीकडून छांगटेनं क्रॉस दिला म्हणून तो झाला. मनवीरनं तोच बॉल वर मारला असता तर छांगटेचा क्रॉस तेवढाच सुंदर राहिला असता, पण कागदावर असिस्टच्या जागी काहीच नसतं. त्यामुळं असिस्ट किती यापेक्षा किती वेळा त्यानं दुसऱ्याला शॉट मारायच्या जागी पोचवलं हे बघणं जास्त बरोबर.

आता कीपर, म्हणजे एक-शून्यच्या मॅचमधला सगळ्यात मोठा वादाचा माणूस. "क्लीन शीट ठेवली", म्हणजे एकही गोल खाल्ला नाही, हे कौतुक मला अर्धवट वाटतं, कारण समोरच्यांनी टार्गेटवर एकही शॉट मारला नसेल तर क्लीन शीट त्याच्या चार डिफेंडरची आहे. २८ मे २०२२, पॅरिसजवळची चॅम्पियन्स लीग फायनल, रिआल माद्रिद एक, लिव्हरपूल शून्य. लिव्हरपूलनं वीसपेक्षा जास्त शॉट मारले, रिआलचे शॉट एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. रिआलचा कीपर कुर्त्वानं नऊ वाचवले, त्यात पहिल्या हाफमध्ये मानेचा तो शॉट जो त्याच्या बोटांना लागून पोस्टवर आदळला, आणि शेवटी शेवटी सालाहचा जवळून आलेला. मॅन ऑफ द मॅच त्यालाच दिलं आणि मला नाही वाटत त्यावर कुणाचं दुमत असेल. पण नऊ हा आकडा एकटा पुरत नाही, कारण नऊच्या नऊ हळू येऊन हातात पडणारे असते तर? यासाठी एक्सजीचा दुसरा प्रकार असतो, शॉट पायातून सुटल्यानंतरचा. बॉल गोलच्या चौकटीत कुठं चाललाय, कोपऱ्यात की मधोमध, ते धरून मोजायचं की असा बॉल किती वेळा गोल होतो. बाहेर जाणाऱ्याला शून्य. मग सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून खाल्लेले गोल वजा करायचे, जे उरेल ते कीपरनं टीमला वाचवून दिलेलं. कीपरबद्दल बोलायला याच्याइतकं प्रामाणिक माप मला दुसरं दिसत नाही.

कधीकधी तर हरलेल्या टीमचा कीपर जास्त चांगला खेळलेला असतो. २०२३ च्या महिला वर्ल्ड कप फायनलला स्पेन एक-शून्य जिंकली, कार्मोनाचा गोल, पण इंग्लंडच्या मेरी अर्प्सनं पेनल्टी वाचवली होती आणि स्पर्धेचा गोल्डन ग्लोव्हही तिलाच मिळाला. उलट बाजूनं २००२ च्या वर्ल्ड कपमधला जर्मनीचा कीपर ऑलिव्हर कान बघा. जर्मनी पॅराग्वे, अमेरिका आणि दक्षिण कोरिया, तिघांना ओळीनं एक-शून्यने हरवून फायनलला गेली, कानच्या जिवावर, आणि फायनलमध्ये ब्राझीलच्या रिव्हाल्डोचा शॉट त्याच्या हातातून सुटला, रोनाल्डोनं गोल केला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तरी कानच ठरला. मला ते योग्यच वाटतं.

डिफेंडरचं माप काढणं सगळ्यात अवघड. "सात टॅकल केले, काय भारी खेळला" असं आपण म्हणतो. सात वेळा जमिनीवर घसरावं का लागलं? जागा आधीच बरोबर धरली असती तर समोरच्यानं बॉल घेतलाच नसता, मागं वळून पास दिला असता. स्पेनचा मिडफिल्डर झाबी आलोन्सो खेळत असताना म्हणाला होता की टॅकल हा शेवटचा उपाय आहे, तो काही मिरवायचा गुण नाही. त्याच २०२२ च्या फायनलमध्ये कुर्त्वाच्या कौतुकात कार्वाहालचं नाव मागं पडलं. रिआलचा राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा डिफेंडर, समोर लुइस डियास, लिव्हरपूलचा धोकादायक विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा. डियासला त्यानं आत वळूच दिलं नाही, शेवटी ६५ व्या मिनिटाला लिव्हरपूलनं डियासला बाहेर काढून जोटाला आणलं. मला विचाराल तर त्या मॅचचा दुसरा हिरो कार्वाहाल. डिफेंडर बघायचा असेल तर त्याच्या पायाकडं बघू नका, समोरच्या विंगरकडं बघा. विंगर बॉल घेताना तोंड कुठं करून उभा आहे, गोलकडं की स्वतःच्या कीपरकडं, आणि बॉल मिळाल्यावर पुढं जातो की मागं देतो. तो तासभर मागंच देत असेल तर तुमचा बॅक त्याचं काम करतोय, टॅकल शून्य असले तरी.

अजून एक गोष्ट आकडे वाचताना विसरतात. गोल झाला की मॅच बदलते. जी टीम पुढं आहे ती मागं सरकते, जागा बंद करते, आणि जी मागं आहे ती सगळं सोडून शॉट मारत सुटते. २०२२ च्या त्या फायनलमध्ये रिआलच्या व्हिनिसियसचा गोल ५९ व्या मिनिटाला झाला, पुढचा अर्धा तास लिव्हरपूलचे शॉट वाढणारच होते. म्हणून शेवटी बॉल कुणाकडं किती टक्के होता हे बघून "आपली मिडफिल्ड झोपली होती" म्हणू नका, गोल होण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे काढा. लीड सांभाळणं हे पण कौशल्यच आहे. कॉर्नर फ्लॅगजवळ बॉल धरून ठेवणं, बरोबर वेळी फाऊल मिळवणं, दहा पासमध्ये दोन मिनिटं खाणं. पूर्वी यात कीपर बॉल पोटाशी धरून पडून राहायचा तेही यायचं, आता २०२५-२६ च्या सीझनपासून आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, म्हणून हे काम मिडफिल्डरच्या अंगावर जास्त आलंय. शेवटच्या दहा मिनिटांत कुणाच्या पायात बॉल गेला की तुमचा जीव भांड्यात पडतो, तो खेळाडू लक्षात ठेवा, बहुतेक वेळा त्याचं रेटिंग सातच्या खाली असतं.

रेटिंगचं बोललो तर तेही सांगतो. सगळ्यांची पट्टी सारखी नसते. जर्मनीच्या किकर मासिकात १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे एकदम वाईट, त्यांच्या शाळेतल्या मार्कांसारखं. फ्रान्सचा लेकिप दहापैकी मार्क देतो आणि दहापैकी दहा फार क्वचित कुणाला मिळतात. ही माणसांनी मॅच बघून दिलेली मार्क. ॲपवरची रेटिंग बहुतेक कॉम्प्युटर देतो, सहाच्या आसपास सुरुवात, चांगली गोष्ट केली की थोडं वर, चूक केली की खाली, आणि गोलला वजन भरपूर. त्यामुळं नव्वद मिनिटं गायब असलेला माणूस एका गोलवर साडेसातला जातो, आणि डिफेंडरांच्या पुढं जागा अडवून उभा राहिलेला मिडफिल्डर साडेसहावर बसतो, कारण तो उभा राहिला हे मोजायचं कुठलं बटणच नाही. ॲप बघा, पण ते वाद मिटवायला नाही, वाद सुरू करायला बरं.

आणि सब, म्हणजे बदली खेळाडू. एका गोलाच्या मॅचमध्ये सबचा वाटा फार मोठा असतो आणि बोलताना त्यांनाच आपण शेवटच्या ओळीत टाकतो. २०१० च्या वर्ल्ड कपला स्पेनचे नॉकआउटचे चारही विजय एक-शून्य, सात मॅचमध्ये मिळून गोल फक्त आठ, आणि तरी वर्ल्ड चॅम्पियन. फायनलचा गोल इनिएस्टाचा, ११६ वं मिनिट. पण त्या गोलची सुरुवात होते हेसुस नवासपासून, त्यानं स्वतःच्या हाफमधून बॉल घेऊन उजवीकडून धाव घेतली. पुढं तोरेसचा क्रॉस अर्धवट अडवला गेला, बॉल फाब्रेगासकडं पडला, त्यानं इनिएस्टाला दिला. नवास, तोरेस, फाब्रेगास, तिघेही सब. थकलेल्या हॉलंडसमोर ताजे पाय आणले म्हणून तो गोल झाला. आणि त्याआधी ६२ व्या मिनिटाला हॉलंडचा रॉबेन एकटा समोर आला असताना स्पेनचा कीपर कॅसियासचा पाय बॉलला लागला नसता तर आपण आज ही चर्चा वेगळ्याच नावांनी केली असती. आता तर पाच सब मिळतात, म्हणजे अर्धी टीम बदलता येते. वीस मिनिटं खेळलेल्याला नव्वद मिनिटांच्या पट्टीनं मोजू नका, तो आल्यावर मॅच कुठल्या बाजूला सरकली ते बघा.

हे सगळं फक्त टीव्हीवरच्या मॅचसाठी आहे असं समजू नका. आपल्याकडं शाळा-कॉलेजच्या मॅच होतात तिथं ना कॅमेरे ना एक्सजी, म्हणून तिथं तर नुसत्या गोलवरच पोरांची निवड होते आणि बिचारे बॅक आणि मिडफिल्डर मागं राहतात. एक शंभर पानी वही आणि पेन पुरतं. मैदानाचं चित्र काढा, प्रत्येक शॉट जिथून मारला तिथं फुली, गोल झाला तर फुलीभोवती वर्तुळ. दुसऱ्या पानावर प्रत्येक खेळाडूसमोर तीनच रकाने, स्वतःच्या हाफमध्ये बॉल किती वेळा घालवला, दुसऱ्याला शॉटच्या जागी किती वेळा पोचवलं, आणि बॉल गेल्यावर परत मिळवायला लगेच पळाला का. हाफ टाइमला रेघ मारा आणि दुसऱ्या हाफचं वेगळं लिहा, कारण मार्च-एप्रिलच्या सोलापूरच्या उन्हात दुपारच्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये सगळ्यांचंच पळणं कमी होतं, तिथं एखादा पोरगा तेवढाच पळत असेल तर तो वेगळा उठून दिसला पाहिजे. गोल झाला की त्याची वेळ लिहून तिथंही रेघ. बेंचवर बसलेल्या पोरांपैकी एकाला ही वही द्या, बसल्या बसल्या त्याला मॅच वाचायची सवय लागेल, आणि सत्तराव्या मिनिटाला कोचनं त्याला उतरवलं तर समोरचा कुठला बॅक दमलाय हे त्याला आधीच माहीत असेल.